कोमट वस्तरा

आमच्या ह्यांच्या प्रत्येक बंडीला आतून, डाव्या काखेखाली, एक चोरखिसा आहे. सगळे मी शिवलेले. तळहाताएवढा लांब, दोन बोटं रुंद, वर एक बटण. त्यात वस्तरा राहतो. माझी आई बाबांच्या बंड्यांना असेच खिसे शिवायची, तिचं बघून मी शिकले. दुसऱ्यांच्या घरी आया मुलींना दागिने देतात, आमच्या घरी हे.

ह्याच्या मुळाशी बाबा, म्हणजे माझे वडील. दाढीच्या खुर्चीमागे त्यांनी जन्म काढला आणि त्या जन्माचं सार एकाच वाक्यात सांगायचे: थंड वस्तरा कातडीला चावतो. गालाला गार लोखंड लागलं की माणूस दचकतो, दचकला की कापतं, आणि कापलं की दोष कारागिराच्या हाताला. म्हणून वस्तरा घरातून निघतानाच अंगाशी ठेवायचा. दुकानात पोचेपर्यंत त्याने आपल्या अंगाची ऊब खाल्लेली असली पाहिजे.

"मग गरम पाण्यात बुडवा की," असं कुणी म्हटलं, तर बाबा त्याची बिनपाण्याने करायचे. पाण्याची ऊब दोन ओढींत पळून जाते म्हणे, अंगाची ऊब पात्यात मुरते. हे खरं की खोटं, मला विचारू नका. मी काउंटरवर बसायचे, टॉवेल धुवायचे आणि गिऱ्हाइकांच्या थापा ऐकायचे. पण कडाक्याच्या थंडीत समोरच्या चकचकीत सलूनमधला पोरगा रिकाम्या खुर्चीत बसून स्वतःचेच केस विंचरत असायचा आणि आमच्याकडे बाकावर टेकायला जागा नसायची, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे बाबांच्या हाताखाली काम शिकायला आले, ते आधी दुकानाला चिकटले आणि मग मला. "वस्तरा धरायला दिला तर मुलगीच घेऊन गेला," असं बाबा येईल त्याला सांगायचे. घेऊन कुठे गेले, इथेच राहिले. लोक घरजावई म्हणून चिडवायचे, हे हसून म्हणायचे, "घर त्यांचं, जावई त्यांचा, माझं काय गेलं?" आम्हाला मूलबाळ झालं नाही. आई लवकर गेली. त्यामुळे बाबांना आम्ही दोघं आणि आम्हा दोघांना बाबा, एवढाच आमचा गोतावळा.

बाबांनी ह्यांना पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. वस्तरा हातात असेल, अंगावर असेल, नाहीतर खणात असेल. चौथी जागा नाही. आणि या तीनपैकी आत्ता कुठे आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. "ज्याला आपला वस्तरा कुठे आहे हे आठवत नाही," बाबा म्हणायचे, "त्याच्या हाती कुणी गळा देऊ नये." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ लागायचाच बंद झाला होता. तो पुढे चांगलाच लागला.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर ते पडून असायचे आणि छताकडे बघायचे. डॉक्टर रोज येऊन सांगायचे, "आजोबा, माझं बोट दाबा." बाबा दाबायचे नाहीत. मी समोर उभी राहिले तरी नजर माझ्यातून आरपार जायची.

आणि त्यांची दाढी वाढली. माझ्या बापाला मी जन्मात दाढीत पाहिलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते घोटून, तुरटी फिरवून पुढच्या सगळ्याला उभे राहिले होते. दवाखान्यातल्या एका माणसाने प्लास्टिकच्या रेझरने खरवडली, तर हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त. बाबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. दुखलं म्हणून नसेल आलं. असं काम आपल्या तोंडावर व्हावं, ह्याचं आलं असेल.

ह्यांनी कापूस ओला करून रक्त पुसलं आणि मोठ्या सिस्टरना जाऊन विचारलं, "उद्यापासून ह्यांची दाढी मी केली तर चालेल?" त्या म्हणाल्या, "चालेल की. आमचं एक काम वाचेल."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वाटीत फेस केला आणि ब्रश बाबांच्या गालाला टेकवला. बाबांनी जीभ आतून लावून डावा गाल फुगवला. कारागिरासमोर बसलेलं सराईत गिऱ्हाईक फुगवतं ना, अगदी तसा. मग ह्यांनी काखेखालून वस्तरा काढून फिरवला, आणि बाबांनी डोळे मिटले, आरामात. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला तोंड करून रडले. हे नंतर म्हणाले, "ओळखलं त्यांनी. मला नाही, ब्रशला."

त्यानंतर हे रोज दुकान उघडायच्या आधी दवाखान्यात. हातात पेटी, पेटीच्या झाकणावर आतून कारागिराचा परवाना लावलेला. पेटीत ब्रश, साबण, वाटी, तुरटी, टॉवेल. वस्तऱ्याची खाच तेवढी रिकामी. दवाखान्याच्या दारात ती चौकट आहे, लोखंड अंगावर असलं की ओरडणारी, पण ती तेव्हा बिघडलेली होती. दारावरचा गार्ड पेटीत डोकावायचा, परवाना बघायचा आणि हाताने "जा" म्हणायचा. शेजारी मोठा पांढरा फलक होता. धारदार वस्तू अंगावर लपवून आणणे हा दखलपात्र गुन्हा आहे, वगैरे. आम्ही तो वाचला नव्हता असं नाही. आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही.

मग ती चौकट दुरुस्त झाली.

त्या दिवशी मीही बरोबर होते, बाबांचे धुतलेले कपडे घेऊन. ह्यांनी पेटी गार्डच्या टेबलावर ठेवली आणि चौकटीतून गेले, तर ती ओरडली. गार्ड तरुण होता, दाढी नीट न जमलेला, गळ्याशी पुळ्या. त्याने हात वर करायला लावले आणि अंग चाचपायला सुरुवात केली. काखेखाली हात गेला तेव्हा हे म्हणाले, "सांभाळून हं. उघडला तर बोट कापेल तुमचं."

माणूस दुसऱ्याचं बोट वाचवायला बोलला. हेच वाक्य पुढे त्यांच्याविरुद्ध पहिला पुरावा झालं.

पोलीस आले, वस्तरा पिशवीत घालून सील केला, बंडीसुद्धा काढून घेतली. थंडीत हे शर्टावर बसले होते. जाताना मला म्हणाले, "अगं, फेस करून ठेवला असता तर वाळला असता. बरं झालं, केला नव्हता."

जामीन झाला, पण खटला संपेपर्यंत दवाखान्यात पाऊल टाकायची बंदी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमच्या घरी काखेत वस्तरा आणि वळसा कोर्टाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आम्हालाही माहीत होतं, पण आम्ही चढलो नव्हतो, आम्हाला चढवलं होतं.

आम्हाला सरकारकडून एक वकीलबाई मिळाली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, केस सारखे कागदांवर येणारे. मला एकदा वाटलं, हिला खुर्चीत बसवून आधी ते कापावेत. पण पोरगी मनाने चांगली होती. दुकानातल्या बाकावर बसून तिने सगळं समजावलं.

"काकू, कायदा वस्तऱ्याच्या विरुद्ध नाही. वस्तरा पेटीत असता आणि पेटीवर परवाना असता, तर काकांनी दहा वस्तरे नेले असते तरी चाललं असतं. गुन्हा लपवण्यात आहे. दवाखाना, कोर्ट, शाळा, अशा जागी पातं अंगावर आणि नजरेआड. बस. मनात काय होतं ते कायदा विचारत नाही. मारायचं होतं की दाढी करायची होती, दोन्ही सारखंच."

"असा कसा कायदा?" मी म्हणाले. "सुक्याबरोबर ओलंही जाळायचं?"

"दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात एक माणूस जॅकेटच्या आत सुरा घेऊन शिरला होता," ती म्हणाली. "दारात विचारलं तर म्हणाला, पेशंटला भेटायला आलोय. वर जाऊन त्याने एका नर्सला मारलं. त्यानंतर कायदा कडक झाला."

त्या नर्सची आई कुठेतरी असेल, आणि तिला हा कायदाही कमीच वाटत असेल.

"आता दोन वाटा आहेत," वकीलबाई म्हणाली. "वस्तरा अंगावर आहे हे विसरून गेला असाल, तर दंड आणि ताकीद. परवाना राहतो, दुकान राहतं. आणि माहीत असूनही गेला असाल, तर तुरुंग. कमीत कमी नऊ महिने. त्याच्या खाली यायची न्यायाधीशांनाही मुभा नाही. शिवाय परवाना रद्द. काका, एकच शब्द आहे. विसरलो. गार्डला जे बोललात, ते त्याचा हात लागल्यावर आठवलं म्हणून बोललात, असं मी सांगेन."

हे पट्ट्यावर बाबांचा जुना वस्तरा परजत होते. हात थांबला नाही.

"मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

ती गेल्यावर आमचं जे भांडण झालं, ते खटल्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चालू होतं. मध्ये जेवणं झाली, गिऱ्हाइकं झाली, पण भांडण तेच.

"एक शब्द आहे," मी म्हणायचे. "लहान मुलंसुद्धा म्हणतात."

"लहान मुलांकडे कुणी दाढी करून घेत नाही."

"अहो, लोकांना कळतं की. कोर्टात बोलायचं ते वेगळं आणि खरं ते वेगळं."

"मागच्या बाकांवर आपलीच गिऱ्हाइकं येऊन बसणार आहेत. उद्या माझ्या खुर्चीत मान मागे टाकताना एकाच्या तरी मनात येईल ना, हा विसरतो म्हणून?"

"येऊ दे. चार दिवस येईल आणि जाईल."

"माझ्या मनातून जायला हवं ना."

सत्याला मरण नाही म्हणतात. नसेल. पण सत्य बोलणाऱ्याला नऊ महिने असतात आणि त्याच्या बायकोला रिकामं दुकान असतं, हे म्हण काढणाऱ्यांनी सांगितलेलं नाही. मी त्यांना मानी म्हटलं, हट्टी म्हटलं, बाबांचं शेपूट म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी माझा आवाजच बसला तेव्हा मी हळू विचारलं, "आणि तुम्ही आत गेल्यावर बाबांची दाढी कोण करणार?"

त्यावर त्यांनी वस्तरा मिटला, खणात ठेवला, खण लावला.

"बरं," ते म्हणाले. "म्हणतो विसरलो."

त्या रात्री मी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि ती भाजी आम्ही दोघांनी मुकाट्याने संपवली. मी इतकी आनंदात होते.

कोर्टाची खोली लहान होती आणि तिला ओल्या कोटांचा वास होता. न्यायाधीश वयस्कर, उजव्या कानाखाली वस्तरा लागल्याची ताजी खूण. घाईत स्वतःच केली असणार. सरकारी वकिलाला सुरेख कोरलेली दाढी होती, त्यामुळे मला तो आधीच आवडला नाही. मागच्या बाकांवर खरोखरच आमची गिऱ्हाइकं. चष्मेवाला आला होता, बेकरीवाला आला होता, शाळेतले निवृत्त मास्तर आले होते. कित्येक वर्षं ह्यांच्या हाती दिलेले हे गळे.

गार्डने सरळ सांगितलं, काय झालं ते. बोटाचं वाक्यही सांगितलं. सांगताना त्याने ह्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग मला बोलावलं. आमच्या वकीलबाईने मला पढवलं होतं, विचारतील तेवढंच सांगा, खिसा किल्ल्या ठेवायला शिवला म्हणा. सरकारी वकिलाने ती बंडी उलटी करून सगळ्यांना दाखवली. नवऱ्याची बंडी अशी चारचौघांत उलटी केलेली बघून माझ्या अंगाची लाही झाली.

"हा चोरखिसा कुणी शिवला?"

"मी."

"किल्ल्यांसाठी? मग हा आतून चामड्याचा कशाला? पेटीत ब्रशला जागा आहे, साबणाला जागा आहे, वस्तऱ्याला खाच आहे. सगळं पेटीत, फक्त पातं अंगावर. ते पातं या खिशात कुणी ठेवलं?"

मला वाटलं, आता हे फसले. चामड्याचं अस्तर बघितल्यावर विसरलो कोण ऐकणार? आणि जिभेवर जे आलं ते मी बोलून गेले.

"मी ठेवलं. त्या दिवशी बंडी मीच दिली, वस्तरा मीच आत ठेवला. ह्यांना माहीतच नव्हतं."

आमच्या वकीलबाईचा पेन थांबला. मला वाटलं, मी बाजी मारली. दुसऱ्याच्या अंगावर पातं लपवणं हाही त्याच कलमातला गुन्हा, आणि त्याला तीच शिक्षा, हे मला ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिणाऱ्याला म्हणाले, "हे नीट लिहून घ्या."

तेवढ्यात हे उभे राहिले. त्यांना बोलावलंही नव्हतं.

"साहेब, लिहू नका ते. ती माझ्यासाठी खोटं बोलतेय."

"तुमची वेळ येईल तेव्हा बोला."

"आत्ताच बोलतो. वस्तरा मी ठेवला. घरून निघताना ठेवला आणि बटण लावलं. रोज ठेवतो."

वकीलबाई त्यांची बाही ओढत होती. मी पिंजऱ्यातून त्यांच्याकडे बघत मान हलवत होते, नाही, नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी रोजच्यासारखं, दुकान बंद करताना "चल" म्हणायच्या आधी बघतात तसं.

न्यायाधीशांनी विचारलं, "दारातून जाताना तो अंगावर आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"नक्की?"

"तो अजून पुरता कोमट झाला नव्हता, साहेब. त्या दिवशी थंडी फार होती. मी मनात म्हणत होतो, जिना सावकाश चढावा."

मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. बेकरीवाला असावा. मग ह्यांनी सगळं सांगितलं, थंड वस्तरा, बाबा, फुगवलेला गाल. सरकारी वकिलाने गरम पाण्याचं विचारलंच. बाबा धडधाकट असते तर त्याची ती कोरलेली दाढी तिथेच उतरवली असती. हे नुसते म्हणाले, "मला असंच शिकवलंय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले, "आणि अडचण तीच आहे. शंकेला जागा असती तर मी तिचा फायदा तुम्हाला दिला असता. तुम्ही ती ठेवली नाही." मला खोट्या साक्षीबद्दल ताकीद दिली आणि सोडलं. ह्यांना नऊ महिने. परवाना रद्द.

नऊ महिने. आम्हा दोघांच्या आयुष्यात हा आकडा कधी आला नव्हता. आला तो असा.

मी बोलले नसते तर ते विसरलो म्हणाले असते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तर कुठलंही आलं असतं तरी मला ते सहन झालं नसतं.

दुकान बंद झालं. मी रोज बाबांकडे जायचे. जाताना ती पेटी न्यायचे. बाबांचा जुना वस्तरा खाचेत, झाकण सताड उघडं. गार्ड तोच. तो म्हणायचा, "काकू, परवाना?"

"रद्द झाला की. तूच होतास ना तिथे."

"मग पेटी इथेच ठेवावी लागेल. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, काकू." आणि खरंच जपून ठेवायचा, टेबलाच्या आत. त्याच्यावर ओरडायची माझी फार इच्छा होती, पण तो प्रत्येक वेळी मान खाली घालायचा. खाली घातलेल्या मानेवर कसं ओरडणार?

वर एक नर्स आठवड्यातून एकदा विजेचं मशीन फिरवायची. बाबा त्या आवाजाला डोळे घट्ट मिटून घ्यायचे. गाल फुगवत नसत. एकदा मी नुसता ब्रश आणि फेस नेला, ते न्यायला बंदी नव्हती. ब्रश टेकवल्याबरोबर बाबांनी गाल फुगवला आणि तसेच वाट बघत राहिले. वस्तऱ्याची. मी फेस टॉवेलने पुसून काढला. त्यानंतर ब्रशही नेला नाही.

मी मोठ्या सिस्टरना विनवलं, वरच्या ऑफिसात जाऊन विनवलं. सगळे म्हणायचे, समजतं आम्हाला, पण नियम आहे.

थंडी सरत आली तेव्हा एका पहाटे बाबा गेले. मला फोन सकाळी आला, त्याआधी दवाखान्यात कुणालाही आत सोडत नाहीत. मी पोचले तेव्हा दवाखान्याचं दार नुकतंच उघडलं होतं. मोठ्या सिस्टर स्वतः खाली आल्या होत्या. "पेटी आणलीत?" त्यांनी विचारलं. सवयीने आणली होतीच. त्यांनी ती उघडी पेटी दोन्ही हातांवर घेतली आणि गार्डला म्हणाल्या, "हे माझ्याबरोबर आहे. देह न्यायच्या आधी दाढी करायची आहे." गार्ड बाजूला झाला. गेलेल्या माणसासाठी परवानगी लगेच मिळते.

मी कधी वस्तरा चालवला नव्हता. आयुष्यभर बघितलेला, हाताने कधी फिरवलेला नाही. फेस केला. ब्रश डाव्या गालाला टेकवला आणि थांबले. किती वेडी मी. थोडा वेळ खरंच थांबले.

मग वस्तरा उघडला. गार होता. मी तो मिटून मुठीत घट्ट धरला, गरम व्हावा म्हणून, आणि तशीच उभी राहिले. सिस्टर म्हणाल्या, "काय झालं?" तेव्हा माझं दुसऱ्या हाताचं बोट बाबांच्या गालावर होतं, आणि गाल वस्तऱ्यापेक्षा थंड होता. मी मूठ सोडली, वस्तरा परत उघडला. गाल फुगत नव्हता म्हणून बोटाने कातडी ताणली आणि केली दाढी, जमेल तशी. कुठे कापलं का, मला माहीत नाही. रक्त आलं नाही. शेवटी तुरटी फिरवली. तिचा काही उपयोग नव्हता, पण बाबा तुरटीशिवाय कुणाला खुर्चीतून उठू देत नसत.

ह्यांना अंत्यविधीसाठी सोडलं नाही. सगळं आटोपून दुपारी मी तुरुंगात गेले. मधे जाळी, जाळीपलीकडे बाक. हे आले तेव्हा मी क्षणभर दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत राहिले. त्यांना दाढी आली होती. अर्धी पांढरी. आत मशीन फिरवतात, पण ते कुणाच्या हाती तोंड देत नव्हते म्हणे.

"बाबा गेले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जाळीला बोटं लावली. मी माझी लावली.

"दाढी?" त्यांनी विचारलं.

"केली. मी केली."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "वस्तरा?"

"बाबांचाच. मोठ्या सिस्टरनी नेऊ दिला." आणि मग मी थांबूच शकले नाही. "गार होता, पण मुठीत धरून कोमट केला. नीट कोमट झाल्यावरच लावला. आणि अहो, ब्रश टेकवला तर गाल फुगवला बाबांनी. डोळे मिटून पडले मग, आरामात. दाढी झाली, तुरटी फिरवली, आणि नंतर थोड्या वेळाने गेले."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून उभे राहतात, कोर्टातल्यासारखे.

"कुठला गाल?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"डावाच," ते म्हणाले. "बरं केलंस."

वेळ संपली. बाहेर पडताना दारातल्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर वही सरकवली, सही करायला. "वाईट झालं, काकू," तो म्हणाला. "अंत्यविधीला सोडाल का विचारायला दवाखान्यातून आम्हाला पहाटेच फोन आला होता. तुमच्या माणसाला मीच उठवून सांगितलं. फार शांतपणे घेतलं त्यांनी. एवढंच विचारलं, दवाखान्याचं दार किती वाजता उघडतं. मी म्हटलं, आता कुठे, अजून दोन-तीन तास आहेत."

मी सही केली. मग परत आत वळून बघितलं, पण जाळीपलीकडचा बाक रिकामा झाला होता.